रीबूटच्या बटणावरचं बोट काढ आधी

भाच्या, तू जेंटू लिनक्स लावलंस हे कळलं. नवा जीसीसी कंपायलर आला रे आला की तू एकतर मशीन रीबूट करतोस, नाहीतर अख्खी सिस्टिम पुन्हा कंपाइल करायला बसतोस. तुझी आई मला वीजबिल दाखवत होती. म्हणून हे लिहून ठेवतोय.

१. नुसता कंपायलर बदलला तर रीबूट नको — तो प्रोग्राम घडवतो, चालवत नाही. कढई नवी आणली म्हणून कालच्या भाजीला कुणी परत फोडणी देत नाही.

२. जीसीसी-कॉन्फिगला यादी विचार आणि नवा निवड — मोठी आवृत्ती आली तरी जुनी शेजारी नांदतच असते. मग उघड्या टर्मिनलमध्ये प्रोफाइल पुन्हा सोर्स कर, त्या शेलला जुनाच पत्ता पाठ असतो.

३. पाठोपाठ लिबटूल वनशॉटने बांधून घे — जीसीसीच्या वाटा तो स्वतःत लिहून ठेवतो.

४. अख्खं वर्ल्ड पुन्हा बांधायचं ते एबीआय किंवा प्रोफाइल बदललं तरच, आणि तेव्हाही आधी जेंटूची बातमी वाचून. २००४ मध्ये जीसीसी ३.४ ने सी++ च्या मूळ लायब्ररीचा क्रमांक ५ वरून ६ केला, २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंग आणि लिस्टची ठेवण बदलली — दोन्ही वेळा दुखणं सी++ चं होतं, साध्या सी प्रोग्रामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. २०१७ चं १७.० प्रोफाइल मात्र वेगळं. पीआयई सर्रास सुरू झालं, जुन्या स्टॅटिक लायब्ररी नव्याशी लिंक होईनात, आणि तिथे सगळं बांधणं भागच होतं. 'इसिलेक्ट न्यूज'ला दोन मिनिटं दे — न वाचता बांधी, तो रात्रभर सांधी.

५. कर्नल आणि बाहेरची मॉड्यूल एकाच जीसीसीने बांध — दोघांचं पटलं नाही तर ग्राफिक्सचं मॉड्यूल आधी रुसतं. चालू कर्नल कशाने बांधलंय ते /प्रॉक/व्हर्जन सांगतं.

६. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांच्या स्पेक्टर त्रुटीवरचा रेटपोलिनचा उपाय जीसीसी ७.३ मध्ये आला, पण नुसता तो बसवून कुणी सुरक्षित झालं नाही — त्याने कर्नल बांधून, त्यात बूट होईपर्यंत जुनंच चालू राहतं. रीबूटचा खरा मान इथे.

७. जीलिबसी किंवा ओपनएसएसएल बदललं तर एलएसओएफमध्ये 'डीईएल' शोध — डिस्कवर नवी फाइल आली तरी चालू सेवा जुनीच धरून बसतात. त्या तेवढ्या रीस्टार्ट कर. यादी लांबलचक निघाली तर सरळ रीबूट कर, अपटाइमचा आकडा कुणी हुंड्यात विचारत नाही.

८. जुना जीसीसी लगेच काढू नकोस. आधी खात्री, मग कात्री — २०२४ च्या जीसीसी १४ ने आधी जाहीर न केलेल्या फंक्शनांना थेट एरर द्यायला सुरुवात केली, आणि बरीच जुनी पॅकेजं अडली. काढण्याआधी क्विकपीकेजीने गाठोडं बांधून ठेव.

९. जुनं कर्नल ग्रबच्या यादीत राहू दे, आणि दूरचा सर्व्हर असेल तर त्याच्या कन्सोलची वाट आधी तपास — नवं कर्नल उठलं नाही तर एसएसएचही उठत नाही.