कासव घरी आलंय, पण उचलायची घाई नको

आईबाबांनो, मुलाचा हट्ट पुरवायला दुकानातून डबीतलं इवलंसं हिरवं कासव घरी येतं. डोळ्यांमागे लाल पट्टा असेल, तर ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं रेड इअर्ड स्लायडर. (पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव कुणी देऊ केलं, तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणं गुन्हा आहे.)

मुलांना ते लगेच हातात हवं असतं. तिथेच आपण ठाम राहायचं. पहिले आठ-दहा दिवस कुणीही उचलायचं नाही, लांबून बघायचं. वरून आलेला हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. नव्या जागी दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तरी काळजी नको. मात्र डोळे सुजले किंवा ते एका बाजूला कलून पोहू लागलं, तर प्राण्यांचे डॉक्टर गाठा.

या दिवसांत त्याचं घर नीट करा. पोहण्याइतकं पाणी, चढून कोरडं बसायला दगड, वर ऊब देणारा दिवा आणि यूव्हीबी (अतिनील) किरणांचा दिवा. खिडकीशी ठेवलंय, ऊन मिळतंच, असं बरेच जण म्हणतात; पण काच यूव्हीबी किरण अडवते. ते मिळाले नाहीत की ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडतं.

पुढे हाताळायचं झालं, तर मुलाला जमिनीवर बसवा. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरायच्या. कवच कण्याला आणि बरगड्यांना जोडलेलं असतं, त्यात नसा असतात. वर मारलेली टिचकीही त्याला कळते.

नंतर साबणानं हात धुतलेच पाहिजेत. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ते देऊच नका आणि त्याची टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

हे कासव जेवणाच्या ताटाएवढं होऊ शकतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. पुढे सांभाळणं जमेनासं झालं, तर दया म्हणून त्याला तळ्यात, विहिरीत किंवा नदीत सोडू नका. तिथल्या आपल्या कासवांचं अन्न आणि जागा ते बळकावतं. प्राणी वाचवणाऱ्या जवळच्या संस्थेला किंवा वनविभागाला विचारा, आणि तोवर त्याला घरीच सांभाळा.