महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मद्यपान : आरोग्य व कायदा

फाल्गुनाच्या सुमारास गोमंतकातील डोंगरउतारांवर काजूची बोंडे पिकतात, भट्ट्या पेटतात आणि हुर्राकाचा हंगाम सुरू होतो. याच दिवसांत महाविद्यालयांतून निरोप-समारंभ होतात, सहली निघतात आणि वार्षिक परीक्षाही जवळ येऊन ठेपतात. अनेक तरुणांच्या हाती मद्याचा पहिला पेला येतो तो अशाच एखाद्या प्रसंगी, बहुधा मित्रांच्या आग्रहाने. गोव्यात मद्य सहज मिळते, अनेक कुटुंबांत ते परंपरेने चालत आलेले आहे आणि सर्दीपडशावर फेणीचा उपयोग करणारी घरेही थोडीथोडकी नाहीत. त्यामुळे या विषयात धोका तो कोणता, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर उपदेशाच्या भाषेत न देता शरीरशास्त्र आणि कायदा यांच्या आधारे द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्य घेतात, असे त्यात आढळले. मद्यसेवनाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत छत्तीसगढ, त्रिपुरा, पंजाब व अरुणाचल प्रदेश यांच्याबरोबर गोव्याचाही समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात मद्यामुळे जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू झाले. या वर्षी २० ते ३९ या वयातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १३ टक्के मृत्यूंचे कारण मद्य होते. म्हणजेच मद्याचे दुष्परिणाम उतारवयातच भोगावे लागतात, ही समजूत खरी नाही.

पेल्याचा हिशेब

मद्य कोणत्याही नावाने घेतले तरी परिणाम घडविणारे द्रव्य एकच, ते म्हणजे अल्कोहोल. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या किंवा फेणीच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ८ टक्के तीव्रतेच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ते सुमारे ४१ ग्रॅम भरते. “मी फक्त एक बिअर घेतली” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने प्रत्यक्षात चार लहान पेग घेतलेले असतात. हुर्राक फेणीपेक्षा सौम्य खरा. परंतु सुमारे १५ टक्के तीव्रता धरल्यास त्याच्या २०० मिलिलिटरच्या पेल्यातही दोन पेगांहून अधिक अल्कोहोल असते. लिंबू व गोड सोडा यांच्या चवीखाली ते जाणवत नाही, एवढेच.

पोटात गेलेले अल्कोहोल जठर व लहान आतडे यांतून थेट रक्तात शोषले जाते. त्याचे विघटन मुख्यतः यकृत करते आणि हे काम ठराविक गतीनेच चालते. रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सरासरी १५ मिलिग्रॅमने उतरते. कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी, ओकारी काढणे किंवा मोकळ्या हवेत फिरणे यांपैकी कोणत्याही उपायाने ही गती वाढत नाही. प्यालेल्याला शुद्धीवर आणणारे औषध एकच आहे आणि ते म्हणजे काळ. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर आधारलेले आहे.

सुमारे ६० किलो वजनाच्या तरुणाने वर सांगितलेली स्ट्राँग बिअरची एक बाटली थोड्या वेळात संपविली, तर त्याच्या रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरमागे ८० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. वजन, अन्न व प्रकृती यांनुसार त्यात फरक पडतो. तेवढेच मद्य घेतल्यास स्त्रियांमध्ये हे प्रमाण सर्वसाधारणपणे अधिक चढते.

शरीरावरील परिणाम

मानवी मेंदूचा विकास वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असतो. परिणामांचा विचार करणे व मोहाला आवर घालणे ही कार्ये ज्या भागाकडे असतात, तो भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो आणि मद्याचा पहिला आघात नेमका त्याच कार्यांवर होतो. मद्याने झोप लवकर लागते, पण ती खंडित होते. त्यामुळे दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याची क्रिया बिघडते. परीक्षेच्या आदल्या रात्री ताण घालविण्यासाठी घेतलेला पेला अशा रीतीने अभ्यासावरच पाणी फिरवितो. दीर्घकाळच्या सेवनाने यकृताचे विकार जडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले आहे.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तातडीचा धोका मात्र मद्यविषबाधेचा होय. पैजेने किंवा आग्रहाने थोड्या वेळात पुष्कळ मद्य घेतले, तर श्वसनावर नियंत्रण ठेवणारे मेंदूतील केंद्र मंदावते. अशा वेळी “झोपू द्या त्याला, सकाळी उतरेल” हा मित्रांचा नेहमीचा निर्णय प्राणघातक ठरू शकतो. शेवटचे पेले अद्याप पोटात असतात आणि माणूस झोपल्यानंतरही रक्तातील प्रमाण चढतच राहते. हाका मारून व हलवूनही जाग न येणे, मिनिटाला आठांहून कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड, अंग गार पडणे, ओठ निळसर होणे, झटके येणे यांपैकी एक लक्षण दिसले तरी तत्काळ १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत जाणार नाही. त्याच्या तोंडात काहीही घालू नये आणि त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

वसतिगृहाच्या अधीक्षकांना कळेल, घरी पत्र जाईल, या भीतीने मुले अशा वेळी गप्प बसतात. शिस्तभंगाची कारवाई काही दिवसांत संपते. गेलेला मित्र परत येत नाही. वसतिगृहांच्या चालकांनीही मदतीसाठी हाक मारणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम दिलासा द्यावा आणि चौकशी मागाहून करावी.

कायद्याची बाजू

गोव्यात १९६४ च्या अबकारी कायद्यान्वये २१ वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकण्यास मनाई आहे. पदवीचे बहुतेक विद्यार्थी या वयाच्या आतलेच असतात. उघड्यावर मद्य पिणे व बाटल्या फोडणे यांवर पर्यटनस्थळांबाबतच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने बंदी घातली आहे. सिंधुदुर्गातून शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून तेथे परवान्याची अट आहे, आणि बिअरसाठी २१, तर कडक मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. गोव्यात उघडपणे विकत घेतलेली बाटली सीमेवरील नाका ओलांडताच गुन्ह्याचे कारण ठरू शकते.

वाहन चालविताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुनरावृत्ती झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड अथवा दोन्ही सांगितले आहेत. ही मर्यादा ओलांडण्यास दोन लहान पेगही पुरतात. आता काळाचा हिशेब करून पाहावा. मध्यरात्री रक्तात १५० मिलिग्रॅम प्रमाण असेल, तर सकाळी ७ वाजता ते ४५ च्या आसपास राहते. झोप झाली, तोंड धुतले, डोके हलके वाटले, तरी स्कूटरवरून पहिल्या तासिकेस निघालेला हा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने अद्याप प्यालेलाच असतो.

२००६ मध्ये मुंबईतील कार्टर रोडवर एका तरुणाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर चढली व ७ जण प्राणास मुकले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले होते. वर हिशेबात घेतलेल्या एका बाटलीपासून हा आकडा फार दूर नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दलची त्याची ३ वर्षांची सक्तमजुरी कायम केली. “नशेत मला काही समजत नव्हते” हा बचाव स्वेच्छेने प्यालेल्यास उपयोगी पडत नाही. शुद्धीवर असता तर त्याला जे ज्ञान असते, ते त्याला होतेच, असे भारतीय न्याय संहितेचे कलम २४ धरून चालते.

सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन केल्यास याच संहितेच्या कलम ३५५ खाली २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. शिक्षा लहान वाटली, तरी नोकरीच्या वेळी होणाऱ्या पोलीस पडताळणीत गुन्ह्याची नोंद पुढे येऊ शकते. १८ वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रथम वर्षाचे काही विद्यार्थी १७ वर्षांचेच असतात, हे आग्रह करणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्यांनी विसरू नये. नवागतास बळेच मद्य पाजणे हा रॅगिंगचा प्रकार असून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार निलंबनापासून संस्थेतून काढून टाकण्यापर्यंत कारवाई होऊ शकते.

कायदा मदत करणाऱ्याच्या पाठीशीही उभा आहे. रस्त्यावरील अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ संरक्षण देते. तेव्हा अपघात पाहून पळून जाण्याचे काहीच कारण नाही.

उपाय

नकार देण्यास कोणतेही स्पष्टीकरण लागत नाही. “मी घेत नाही” एवढे पुरे. मित्रमंडळींनी समारंभापूर्वीच परतीची सोय ठरवावी. प्यालेल्याच्या हाती वाहनाची किल्ली न देता त्याला टॅक्सीने किंवा न प्यालेल्या मित्राबरोबर पाठवावे. सवय जडू लागल्याची शंका आल्यास लाजू नये. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशकांनी अवघ्या चार बैठकांपर्यंत केलेल्या समुपदेशनाचा घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना लाभ झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले आहे. बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत उपचार मिळतात. टेली-मानस सेवेचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ हे क्रमांकही उपलब्ध आहेत.

पालकांनीही या विषयावर घरात मोकळेपणाने बोलावे. संकटाच्या रात्री मुलाने प्रथम आपल्यालाच हाक मारावी, एवढा विश्वास ज्या घरात आहे, तेथे कायद्याचे काम पुष्कळ हलके होते. प्रत्येक महाविद्यालयाने सत्रारंभीच एक तास या माहितीसाठी राखून ठेवला आणि कुशीवर वळविण्याची कृती विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घेतली, तर तो तास कधी तरी एखाद्याचा जीव वाचविल्यावाचून राहणार नाही.