यंगस्टाउन राहण्याजोगें आहे काय ?

अमुक गांव राहावयास चांगलें कीं वाईट, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे, आणि म्हणूनच वादविवादसभेंत त्याची फार दुर्दशा होते. एक वक्ता उठतो व गांवची नदी, झाडी आणि हवा यांचें वर्णन करून खालीं बसतो. दुसरा उठतो व गटारें, चोऱ्या आणि बेकारी यांचें वर्णन करून खालीं बसतो. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें, पण दोघांची गांठ कोठेंच पडत नाहीं. असा वाद कसा चालवावा हें विद्यार्थ्यांस दिसावें म्हणून आम्हीं या अंकासाठीं एक खरें शहर निवडलें आहे. तें दूरचें आहे, तेव्हां त्यापायीं कोणाचा अभिमान दुखावण्याचें कारण नाहीं. मात्र ज्या पालकांस पोटासाठीं आपला गांव सोडावा लागला, किंवा ज्यांचीं मुलें शालान्त परीक्षा होतांच गांव सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं आहेत, त्यांस तें शहर नकाशावर दिसतें तितकें दूरचें वाटणार नाहीं.

अमेरिकेंतील ओहायो संस्थानाच्या ईशान्य भागांत माहोनिंग नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं यंगस्टाउन वसलें आहे. एका बाजूस क्लीव्हलंड व दुसऱ्या बाजूस पिट्सबर्ग या दोन मोठ्या शहरांच्या साधारण मध्यावर तें येतें. १७९६ सालीं जॉन यंग नांवाच्या गृहस्थानें येथील जमिनीची मोजणी केली, त्यावरून हें नांव पडलें. आसपास दगडी कोळसा, लोखंडाचा दगड व चुनखडी हीं तिन्ही सांपडल्यामुळें एकोणिसाव्या शतकांत येथें लोखंडाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. आणि पुढें पोलादाचे कारखाने नदीच्या दोन्ही तीरांवर मैलच्या मैल पसरले. आयर्लंड, वेल्स, इटली, हंगेरी, स्लोव्हाकिया अशा देशांतून, तसेच अमेरिकेच्या दक्षिण भागांतून कृष्णवर्णी कुटुंबें येथें कामासाठीं आलीं. प्रत्येक समाजानें आपलें मंदिर बांधलें, आपली खाणावळ घातली, आपली आळी वसविली. रात्रीं भट्ट्यांच्या उजेडानें आकाश तांबडें होई. तें तांबडें असलें म्हणजे घरांत पगार येणार, हें लहान मुलासहि ठाऊक असे. १९३० सालच्या खानेसुमारींत या शहराची लोकसंख्या १,७०,००२ भरली.

आपल्या देशाचाहि या प्रदेशाशीं एक धागा आहे, तो येथेंच सांगतों. १९०२ सालीं जमशेटजी टाटा पोलादाचा धंदा समजून घेण्यास अमेरिकेस गेले, तेव्हां क्लीव्हलंड व पिट्सबर्ग येथील कारखाने त्यांनीं पाहिले. पिट्सबर्ग येथें जूलियन केनेडी या नामांकित इंजिनियराची त्यांनीं भेट घेतली, आणि पुढें जमशेदपूरच्या कारखान्याच्या रचनेंत याच केनेडीच्या मंडळीचा हात होता. केनेडीचा जन्म यंगस्टाउनला लागून असलेल्या पोलंड नांवाच्या वस्तींतला. ज्या खोऱ्यानें असे कारागीर घडविले त्याच्या भट्ट्या थंड झाल्या, आणि जमशेदपूरची भट्टी अद्याप पेटती आहे.

ती थंडी १९ सप्टेंबर १९७७ रोजीं, सोमवारीं, आली. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीनें आपला कँपबेल येथील मोठा कारखाना बहुतांशीं बंद करीत असल्याचें त्या दिवशीं जाहीर केलें, आणि सुमारें ५,००० माणसांचें काम गेलें. त्या दिवसास तेथें अद्याप ‘काळा सोमवार’ म्हणतात. मागून एकामागून एक दुसरे कारखाने बंद पडले, व १९८२ सालीं एका जुन्या कारखान्याच्या चार झोतभट्ट्या सुरुंगानें पाडण्यांत आल्या. कारणें अनेक होतीं. यंत्रें जुनीं झालीं होतीं. जवळचा लोखंडाचा दगड केव्हांच संपला होता. बाहेरचा आणावा तर माहोनिंग नदींतून जहाजें चालत नसत, म्हणून सरोवरापासून पुढें सर्व माल आगगाडीनें आणणें भाग पडे. शिवाय १९६९ पासून ही कंपनी न्यू ऑर्लिन्स येथील लाइक्स या मंडळीच्या ताब्यांत गेली होती. मालक असे दूर राहणारे, आणि नफा नव्या यंत्रांत न घालतां अन्यत्र नेला, असा कामगारांचा त्यांवर आक्षेप होता.

यापुढची हकीकत आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटते. बंद कारखाना गांवानें विकत घ्यावा आणि गांवानेंच चालवावा, असा विचार तेथील निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंनीं पुढें आणला. रोमन कॅथॉलिक बिशप जेम्स मलोन व एपिस्कोपल बिशप जॉन बर्ट हे त्यांत अग्रेसर होते. लोकांनीं याकरितां बँकांतून मुद्दाम ठेवी ठेवल्या. परंतु काम फार मोठ्या रकमेचें होतें. कर्जास हमी देण्याचें मध्यवर्ती सरकारनें १९७९ सालीं नाकारलें, आणि बेत मोडला. दुसऱ्या एका कारखान्याचें प्रकरण कोर्टांत गेलें. इतकीं वर्षें ज्या गांवानें आपलें सारें जीवन या कारखान्याभोंवतीं रचलें, त्या गांवाचा त्यावर कांहीं हक्क उत्पन्न होतो काय, असा प्रश्न न्यायमूर्ति थॉमस लॅंब्रॉस यांनीं १९८० सालीं स्वतःच बोलून दाखविला. निकाल देतांना मात्र असा हक्क कायद्यांत कोठें आढळत नाहीं असेंच त्यांस म्हणावें लागलें, आणि वरिष्ठ कोर्टानेंहि तेंच कायम केलें. कायद्याचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या प्रश्नावर एखादी सायंकाळ अवश्य खर्च करावी.

आतां वादास आरंभ करूं. प्रथम प्रतिकूल पक्ष.

२०२० सालीं यंगस्टाउनची लोकसंख्या ६०,०६८ भरली. म्हणजे पूर्वीच्या तीन माणसांपैकीं एकच उरलें. उतावळा वक्ता येथें म्हणेल, ‘बरें झालें, गर्दी कमी झाली !’ परंतु शहर हें अंगरख्यासारखें नसतें. अंग रोडावलें म्हणून तें आंत शिवून घेतां येत नाहीं. सुमारें ३४ चौरस मैलांत पसरलेले रस्ते, पाण्याचे नळ, मोऱ्या आणि दिवे हे पावणेदोन लाख माणसांसाठीं घातलेले आहेत. त्यांची लांबी माणसांबरोबर कमी होत नाहीं. एखाद्या आळींत वीस घरांपैकीं चारच घरांत दिवा लागत असला, तरी त्या चौघांसाठीं रस्त्यावरचा बर्फ काढावाच लागतो, नळ फुटला तर सांधावाच लागतो, आणि आगीचा बंब शेवटच्या घरापर्यंत न्यावाच लागतो. हा सर्व भार उरलेल्यांच्या शिरावर पडतो. शहरांत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या पगारांतून नगरपालिका शेंकडा २.७५ कर घेते, आणि असा कर घेणाऱ्या ओहायोंतील शहरांत हा दर वरच्या पायरीवरचा आहे. तो भरणाऱ्यांत श्रीमंत थोडे. सुमारें एक-तृतीयांश रहिवासी सरकारी मापानें दारिद्र्यरेषेच्या खालीं आहेत. शाळांची स्थिति इतकी ढासळली कीं, २०१५ सालीं संस्थानाच्या कायदेमंडळानें कायदा करून शहरच्या शाळांचा कारभार निवडलेल्या शाळामंडळाच्या हातून काढला आणि नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दिला. १८६९ पासून चाललेलें ‘व्हिंडिकेटर’ हें दैनिक ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस बंद पडलें. शेजारच्या वॉरेन गांवचें एक पत्र त्याच नांवाची आवृत्ति काढतें एवढेंच. त्याच वर्षीं लॉर्ड्सटाउन येथील मोटारींचा मोठा कारखानाहि थांबला, आणि १९७७ चा घाव ज्यांनीं सोसला त्यांच्या नातवंडांस दुसरा बसला.

पोलाद तेथें अगदींच होत नाहीं असें नाहीं. पोलादी नळ करण्याचा एक नवा कारखाना या शतकाच्या दुसऱ्या दशकांत उभा राहिला. पण जेथें पूर्वी हजारों हात लागत, तेथें आतां यंत्राजवळ कांहीं शेंच माणसें लागतात. कारखाना परत आला म्हणजे काम परत आलें, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

अनुकूल पक्षाकडे काय आहे ? पहिली गोष्ट घर. येथील घरांची मध्यम किंमत सबंध देशांतल्या मध्यम किंमतीच्या चौथाईहूनहि कमी आहे. मोठ्या शहरांत साधा कारकून जन्मभर भाडें भरील आणि अखेरीस भाडेकरूच राहील. येथें तोच मनुष्य थोड्या वर्षांत अंगण व झाडें असलेल्या घराचा धनी होऊं शकतो. दुसरी गोष्ट अशी कीं, सुकाळाच्या दिवसांत श्रीमंतांनीं व नागरिकांनीं जें बांधून ठेवलें तें दुष्काळांत पळून गेलें नाहीं. व्हॉल्नी रॉजर्स नांवाच्या वकिलानें १८९१ सालीं खटपट करून मिल क्रीक या ओढ्याची दरी सार्वजनिक उद्यानासाठीं राखून ठेवविली. त्या उद्यानांत आज तळीं आहेत, धबधबा आहे, आणि एक जुनी पाणचक्की आहे जिच्यावर अद्याप धान्य दळलें जातें. १९३१ सालीं उघडलेलें एक भव्य नाटकगृह पाडावयाचें ठरलें होतें. तें दात्यांच्या पैशानें वांचलें आणि शहराच्या वाद्यवृंदाचें घर झालें. तरुण ख्रिस्ती संघानें म्हणजे वाय. एम. सी. ए. नें १९०८ सालीं रात्रीचे वर्ग काढले. त्या रोपट्याचें आज संस्थानाचें विश्वविद्यालय झालें आहे.

चित्रसंग्रहालयाविषयीं थोडें अधिक लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. जोसेफ बटलर या लोखंडाच्या व्यापाऱ्यानें १९१९ सालीं केवळ अमेरिकन चित्रांसाठीं एक सुंदर संगमरवरी इमारत उभारली. आंत जाण्यास पैसा पडत नाहीं. तेथें विन्स्लो होमर याचें १८७२ सालचें एक प्रसिद्ध चित्र आहे: मधल्या सुटींत खेड्यांतल्या शाळेसमोर अनवाणी मुलें एकमेकांचे हात धरून ओळीनें धांवत आहेत, आणि ओळीच्या टोंकाचीं मुलें झटक्यानें हात सुटून कोलमडत आहेत. असल्या चित्रासमोर बेकार बापाच्या मुलास वाटेल तितका वेळ फुकट उभें राहतां येतें, ही गोष्ट कोणत्याहि शहराच्या जमेस मोठी समजली पाहिजे.

येथवर ऐकून सभासद मत देण्यास उठतील. त्यांस आम्ही क्षणभर थांबवूं, कारण खरा प्रश्न नकाशावरील एका रेषेंत दडलेला आहे. यंगस्टाउनच्या हद्दीबाहेर पाऊल टाकतांच बोर्डमन, कॅनफील्ड, पोलंड अशीं गांवें लागतात. उद्यान, संग्रहालय, वाद्यवृंद यांची गोडी या गांवच्या लोकांसहि तितकीच मिळते. पण त्यांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यांचा घरावरील कर त्यांच्याच शाळांस जातो. शहरांत नोकरी असली तर पगारावरील कर ते देतात, एवढाच त्यांचा संबंध. यास्तव, ‘यंगस्टाउन राहावयास उत्तम’ असें कोणी म्हणाला तर प्रथम त्यास विचारावें कीं, आपलें घर रेषेच्या कोणत्या बाजूस आहे ? आणि आपली भाकरी कोठून येते ?

आमचें मत असें आहे. ज्याचें उत्पन्न निवृत्तिवेतनांतून, विश्वविद्यालयांतून किंवा इस्पितळांतून खात्रीनें येतें, त्यास हें शहर स्वस्त आणि सुखाचें आहे. ज्यास काम शोधावयाचें आहे आणि ज्याचीं मुलें शाळेच्या वयाचीं आहेत, त्यास स्वस्त घर हा जवळजवळ सांपळा आहे. कारण जें घर घेतांना स्वस्त मिळालें तें विकतांनाहि स्वस्तच जाणार, आणि काम दुसरीकडे मिळालें तरी त्याचा पाय तेथेंच गुंतून राहणार. तरीहि तिसरा एक वर्ग आहे, ज्याची आई तेथें आहे, ज्याचें मंदिर तेथें आहे, आणि जो राहणें परवडतें कीं नाहीं हा हिशेब मांडतच नाहीं. त्यास मूर्ख म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. ज्या चार घरांत दिवा लागतो तीं बहुधा त्याच वर्गाचीं असतात.

शहरानेंहि अखेर हीच गोष्ट ओळखली असें दिसतें. बहुतेक नगरपालिका ‘आम्ही पुन्हां वाढूं’ असें म्हणत राहतात. यंगस्टाउननें २००५ सालीं जी योजना मंजूर केली, तींत आपण लहान झालों आहों आणि लहानच राहणार, हें सरळ लिहून टाकलें. हें करण्यास धैर्य लागतें. पण कागदावरची सगळीच योजना पार पडली असें नाहीं. विरळ झालेल्या आळ्यांतून लोकांनीं उठून दाट आळ्यांत यावें, हा विचार म्हणावयास शहाणपणाचा. पण एकट्या राहिलेल्या म्हातारीस तिच्या घरांतून उठा म्हणून सांगणार कोण? तें कोणास साधलें नाहीं. साधलें तें एवढेंच कीं, ओसाड घरें पाडण्याचें काम चालू झालें, आणि २००९ पासून एक लोकसंस्था मोडकळीस आलेलीं पण टिकण्याजोगीं घरें दुरुस्त करून राहणाऱ्यांस विकूं लागली. मोकळ्या झालेल्या कांहीं जागांत शेजारचे लोक उन्हाळ्यांत भाजी लावतात.