घाटाचं हवामान वेगळं बघा

मोबाइलवर पुण्याला ढगाळ, माणगावला हलक्या सरी. मग मधे ताम्हिणी घाटात तरी काय वेगळं असणार? आमच्या माल वाहतुकीच्या धंद्यातला नवा पोरगा हाच हिशेब मांडतो. पण दोन टोकांवरून घाटाचा पाऊस ठरत नाही. समुद्रावरचं ओलं वारं सह्याद्रीला थडकलं की वर चढतं, थंड होतं आणि बहुतेक पाणी माथ्याजवळच ओततं. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटरची नोंद झाली. पुणे शहराला अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे पडतो, एवढं लक्षात घ्या.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात पुणे जिल्हा आणि पुण्याचा घाटमाथा वेगळे दिलेले असतात. आपण घाटमाथ्याचं वाचायचं. तेही जपून, कारण आकडा चोवीस तासांचा असतो, सकाळी साडेआठ ते साडेआठ. शंभर मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर गाडी जाते. तोच दोन तासांत कोसळला तर मोऱ्या तुंबतात आणि पाणी रस्त्यावर येतं. म्हणून निघताना तीन तासांचा तातडीचा अंदाजही बघायचा. उपग्रहाच्या चित्रावर मात्र फार विसंबू नका. घाटातले ढग पुष्कळदा बुटके असतात, चित्रात पांढरेफेक दिसत नाहीत, आणि तरी धो धो ओततात.

इशाऱ्यांच्या रंगांबद्दल माझं मत जरा उलटं आहे. कोरड्या आठवड्यानंतरच्या केशरी इशाऱ्यापेक्षा चार दिवसांच्या झडीनंतरचा पिवळा मला जास्त घाबरवतो. डोंगराने तोवर पोटात पाणी भरून घेतलेलं असतं.

एका जुलैत अशाच पिवळ्या दिवशी औषधांचे खोके घेऊन आम्ही निघालो. मुळशीच्या पुढे धुकं इतकं, की बॉनेटपुढचं दिसेना. चहाच्या टपरीपाशी थांबलो. शेजारच्या कातळावरून धबधबा पडत होता. टपरीवाले मामा त्याच्याकडे बघत म्हणाले, "दादा, सकाळपासून पांढरं होतं पाणी. आता बघा."

पाणी तांबडं झालं होतं, गेरू कालवल्यासारखं. त्यात बारीक खडी वाहत होती. वर कुठेतरी माती सुटली होती. माझा ड्रायव्हर म्हणाला, "अर्ध्या तासात खाली उतरतो की." मी गाडी वळवायला लावली.

दरड आली नाही. दुसऱ्या दिवशी रस्ता धडधाकट होता आणि माणगावच्या दुकानदाराने उशिराबद्दल भाडं कापलं. पुन्हा तसं पाणी दिसलं तर पुन्हा वळवीन. तांबडं पाणी, रस्त्यावर नुकते पडलेले दगड, वाहता ओहोळ एकाएकी आटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी कड्याखाली गाडी उभी करायची नाही. धबधब्यापाशी फोटोला तर नाहीच. सुट्टीच्या दिवशी हे कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

निघण्याआधी घाटातल्या आणि खालच्या निजामपूरच्या ओळखीच्या माणसाला फोन करा. "पाऊस आहे का?" असं विचारू नका, "आहे" हेच उत्तर येतं. "खालून गाड्या वर येतायत का?" असं विचारा. आणि जून ते सप्टेंबर भाडं ठरवतानाच एक दिवस जास्तीचा बोलून घ्या. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण कबूल होतं.