बंदुकीवाचून शिकार



शिकारीचे नाव निघताच तरुण मनास एक प्रकारचे स्फुरण चढते. रानात शिरावे, पाण्यात गळ टाकून बसावे, उघड्या आकाशाखाली एखादी रात्र काढावी, असे ज्यास वाटते त्याची वृत्ती निरोगी समजावी. परंतु शिकाऱ्याचे खरे शिक्षण बंदुकीत नसून डोळ्यांत, कानांत, पायांत व धीरात असते. बंदूक वगळली तरी ते सर्व शिल्लक राहते. किंबहुना अधिक सूक्ष्म होते. ते कसे मिळवावे, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याचा विचार करू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात वन्य प्राण्यांची हौसेची शिकार गुन्हा ठरते. केवळ गोळी घालणे म्हणजेच शिकार, असे नव्हे; फासा लावणे, सापळा मांडणे, तसा प्रयत्न करणे, पक्ष्यांची घरटी व अंडी मोडणे, हे सर्व कायद्याच्या दृष्टीने शिकारच होय. रोही व रानडुकरे उभ्या पिकाची नासाडी करतात, हे शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. त्याकरिता वनविभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. परंतु कुंपणाच्या तारेत वीज सोडणे हा उपाय नव्हे. त्या तारेस जनावर व मनुष्य यांतील भेद कळत नाही. रात्री पाणी देण्यास निघालेला शेजारीही तिने मरतो.

आता बंदूक ठेवून दिल्याने काय साधते, ते एका मुलाच्या उदाहरणावरून पाहा. मुंबईत सलीम अली नावाचा एक पोरका मुलगा आपले मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढत होता. मामा स्वतः शिकारी. मुलाजवळ छऱ्याची बंदूक होती. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांस विचारले. मामांनी त्यास १८८३ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’कडे धाडले. तेथील कार्यवाह मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्यास दाखविला. पुढे हाच मुलगा भारतातील पक्षिशास्त्राचा अग्रणी झाला. चिमणी मारणारी मुले त्या काळी पुष्कळ असतील; ‘ही कोणती?’ असे विचारणारा विरळा.

असे प्रश्न विचारण्यास आपल्या मोताळा परिसरासारखी जागा नाही. एकीकडे राजूर घाटाचे डोंगर, दुसरीकडे नळगंगेचे पाणी. आणि बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य. तेथे बिबट्या, अस्वल, तरस यांची वस्ती आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत याच अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यातील रेडिओपट्ट्यावरून त्याची एकंदर भटकंती सुमारे ३००० किलोमीटर भरली. शेते, ओढे, रस्ते ओलांडीत तो आला. अशा पाहुण्याची खूण आपल्या वाटेवर उमटली असती, तर आपणांपैकी किती जणांस ती वाचता आली असती?

ही वाचनकला अवघड नाही. ओल्या मातीत पाऊल दिसले की नखे उमटली आहेत की काय, ते पाहावे. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून चार बोटे दिसतात, नखे बहुधा दिसत नाहीत. कुत्रा व तरस यांची नखे उमटतात. शिवाय तरसाचे पुढचे पाऊल मागच्याहून मोठे असते. अस्वलाचे मागचे पाऊल अनवाणी माणसाच्या पावलासारखे भासते, मात्र पुढे लांब नखांच्या रेघा असतात. रोही पुनःपुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो. तो ढीग म्हणजे त्याच्या नित्याच्या वाटेची खूणच.

मासेमारीची गोष्ट निराळी. ती सरसकट निषिद्ध नाही. परंतु तिलाही नियम आहेत. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात. म्हणून प्रथम परवानगी घ्यावी. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नये. सुरुंगाने किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली आहे. पावसाळ्याच्या आरंभी मासे अंडी घालण्यास वाहत्या पाण्यात चढतात, तेव्हा त्यांस सोडावे. मरळ मासा आपल्या पिलांच्या तांबूस थव्याची राखण करतो. त्यास गळाने उचलले तर सारा थवा अनाथ होतो. लहान मासा गळास लागल्यास ओल्या हाताने सोडवून पाण्यात द्यावा.

मुक्कामाच्या सहलीचीही शिस्त असते. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राऊनसी बेटावर वीस मुलांचा तळ दिला, त्यातूनच बालवीर चळवळ निघाली. त्या मुलांस स्वयंपाक, दोरीच्या गाठी, मागोवा घेणे यांचे धडे मिळाले. आपणही शिक्षकांसह, परवानगी असलेल्या जागीच तळ द्यावा. कोरड्या नाल्याच्या पात्रात कधीही झोपू नये. दूर डोंगरावर पडलेला पाऊस घटकेत तेथे लोंढा आणतो. उन्हाळ्यात रानाजवळ विस्तव करू नये. पहाटे व तिन्हीसांजेस अस्वलाच्या वाटेवर एकट्याने जाऊ नये. धरणाच्या पाण्यात पोहण्यास उतरू नये. परतताना आपला कचरा आपल्या पिशवीत आणावा.

पालकांस विनंती अशी की, ‘अभ्यास बुडेल’ या भयाने मुलांस अडवू नये. एक तास निश्चल बसून पक्षी पाहणारा मुलगा पुस्तकापुढेही बसू शकतो. धोक्याचे भय मात्र रास्त आहे. म्हणूनच जाणत्या माणसाच्या सोबतीनेच त्यास पाठवावे. गावातील वृद्ध गुराखी, भोई व शेतकरी यांच्याजवळ पाऊलखुणांची, पाण्याची, वाऱ्याची जी विद्या आहे ती कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. आणि विचारणारा न भेटल्यास ती त्यांच्याबरोबरच नाहीशी होईल.

तेव्हा, विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टीत एक वही करा. दररोज सकाळी अर्धा तास एकाच ओढ्याकाठी जा. तारीख, वेळ, वारा, दिसलेले पाऊल, ऐकलेला आवाज एवढेच लिहा. पावलाच्या शेजारी आपली पेन्सिल ठेवून चित्र काढा, म्हणजे त्याचे माप कळेल. महिनाभराने ती वही गावातील एखाद्या जुन्या गुराख्यास वाचून दाखवा, आणि तो ज्या चुका सांगेल त्या तांबड्या शाईने दुरुस्त करा.