बखर, अस्सल कागद आणि एक मोटारसायकल

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची चांगलीच झडती घेतली. घटना घडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी, ऐकीव माहितीवर आणि धन्याला गोड वाटेल अशा बेताने लिहिलेली बखर एकीकडे. आणि त्या त्या दिवशी, त्या त्या कामापुरते लिहिलेले साधे पत्र दुसरीकडे. या दोहोंत विरोध आला तर पत्र खरे मानावे, हा धडा आपण द्वितीय वर्षाच्या वर्गात शिकतो, परीक्षेत लिहितो आणि बहुधा तिथेच ठेवून येतो. मला मात्र तो गेल्या वर्षी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळील माझ्या मामांच्या गाळ्यात, एका जुन्या बुलेट मोटारसायकलवर वापरून पाहता आला. त्याचीच ही हकिगत. यंत्रशास्त्राचा लेख कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा का, असे कोणी विचारील. पण इथे प्रश्न यंत्राचा कमी आणि पुराव्याचा अधिक होता.

गाडी ठाण्याच्या एका निवृत्त गृहस्थांची. त्यांनी ती मोठ्या हौसेने विकत घेतली होती. विकणाऱ्याने त्यांना सांगितलेली कथा अशी : ही गाडी मूळची इंग्लंडातली, ‘ट्रायल’ स्पर्धेसाठी मुद्दाम बनविलेली, सैन्यातल्या कोण्या साहेबाने ती हिंदुस्थानात आणली आणि पुढे ती लिलावात निघाली. गाडीचे रूपही कथेला साजेसे होते. सायलेन्सर वर उचललेला, मडगार्ड आखूड, बैठक एकट्याची, टायर ठळक गुट्ट्यांचे. गृहस्थांची इच्छा अशी की, इंग्लंडहून अस्सल सुटे भाग मागवून ती जशीच्या तशी उभी करावी. मामांना त्या कामात गाळ्याचे चार-सहा महिन्यांचे भाडे सहज सुटले असते. पण मागवायचे ते कोणत्या सालचे आणि कोणत्या गाडीचे, हे ठरल्याशिवाय मामा हात लावीनात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तिका वाचणे माझ्याकडे आले.

ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. इथे वेगाला महत्त्व नाही. दगडधोंडे, ओढा, चिखल, चढ यांतून आखून दिलेल्या वाटेने गाडी सावकाश न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की दंडाचा गुण. आपल्याकडे मलंगगडाच्या पायथ्याच्या पावसाळी वाटेवरून दुचाकी नेणाऱ्याला हे वेगळे समजावून द्यायला नको. रॉयल एनफिल्ड कंपनीच्या बुलेटचा या खेळाशी जन्मापासूनचा संबंध आहे. मागच्या चाकाला स्प्रिंगची झोळी असलेली नवी बुलेट १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातील कोलमोर कप ट्रायलमध्ये प्रथम उतरली. मागचे चाक असे हलते ठेवले तर गाडी ताब्यात राहणार नाही, असे तेव्हाच्या जाणत्यांचे मत होते. त्याच वर्षी इटलीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटस्वारांनी दोन सुवर्णपदके आणली आणि ती चर्चा थांबली. जॉनी ब्रिटन याने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवरच जिंकली. तेव्हा इंग्लंडात ट्रायलच्या बुलेट होत्या, हे बखरीतले पहिले वाक्य खरे आहे. चांगल्या बखरीचे पहिले वाक्य खरेच असते.

आता आपल्याकडची बाजू. आपल्या सैन्याने १९५० च्या दशकाच्या आरंभी बुलेट मागविल्या आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली. प्रथम विलायती भाग आणून जोडणी, मग हळूहळू सारे भाग इथेच, असा क्रम होता. तिकडे इंग्लंडातला कारखाना १९७० पर्यंत बंद पडला. मद्रासची बुलेट चालू राहिली. ‘बुलेट ट्रायल्स’ या नावाची गाडी कंपनीने भारतात विक्रीस आणली ती २०१९ साली, आणि वर्षभरातच ती बंदही केली. म्हणजे आपल्या हद्दीत जुनी ट्रायल बुलेट आढळली, तर शक्यता दोनच : ती खरोखर विलायतेहून आली, किंवा साध्या बुलेटला कोणीतरी इथे तो पोशाख चढविला.

पहिला कागद आरसी बुक. त्यात नोंदणीचे वर्ष १९६७. पण लिलावातल्या सैन्याच्या गाडीची नोंदणी लिलावानंतर होते, म्हणून हे जन्मवर्ष नव्हे. दुसरा कागद चासीवरचा आणि इंजिनावरचा आकडा. गंजाने तो बुजला होता. रॉकेलने धुऊन, पातळ कागद लावून वरून पेन्सिल फिरविली. शिलालेखाचा ठसा घेतात तशी. इंजिनाचा आकडा आरसी बुकाशी जुळला. चासीवरचा एक अंक मात्र ३ की ८, हे दोन दिवस ठरेना. अंबरनाथच्या शिलाहारकालीन देवळातील लेखाचा काळ आरंभी शके ७८२ असा वाचला गेला होता आणि पुढे तो ९८२ ठरला. एका अंकाने दोनशे वर्षे इकडची तिकडे झाली. इथे बाजूच्या अंकांच्या ठशांची खोली पाहून मामांनी ८ म्हटले. आरसी बुकातही ८ होता. त्यांनी ते आधी पाहिले नव्हते, म्हणून त्या वाचनाला मी अधिक मान देतो.

यानंतर सुट्या भागांची जबानी. पेट्रोलच्या टाकीवरचे नाव हा सर्वांत खोटारडा साक्षीदार, कारण बिल्ले बाजारात वाटेल तितके मिळतात. विजेच्या भागांवर ‘लुकास-टीव्हीएस’ असा शिक्का निघाला. ही कंपनीच १९६१ साली मद्रासला स्थापन झाली. तेव्हा तो भाग त्याआधीचा असणे शक्य नाही. ज्या भागाच्या वेष्टनावर ‘चेन्नई’ आहे तो १९९६ च्या अलीकडचा, कारण शहराचे नाव त्या वर्षी बदलले. कार्बोरेटर नंतरच्या काळातील जपानी धाटणीचा होता. परंतु असले भाग झिजतात, बदलतात. त्यांच्यावरून गाडीचे वय ठरविणे म्हणजे वाड्याच्या नव्या कौलांवरून वाड्याचे वय ठरविणे.

कुर्ल्याच्या भंगारातून किंवा चोरबाजारातून येणाऱ्या भागांत नकला कशा ओळखाव्यात, हेही इथेच शिकलो. मूळ भागाचाच साचा घेऊन ओतलेली नकल मूळापेक्षा किंचित लहान निघते. ॲल्युमिनियम निवताना शेकडा सव्वाच्या आसपास आकसते, म्हणजे शंभर मिलिमीटरला मिलिमीटरभराहून जास्त. वर्नियर लावला की चोरी सापडते. शिवाय ओतीव अक्षरांच्या कडा बोथट होतात. प्रतीवरून प्रत करताना पोथीतले पाठ बिघडतात, तसेच हे.

आट्यांची गंमत आणखी निराळी. जुन्या बुलेटचे आटे ब्रिटिश पद्धतीचे. तिथला पाच सोळांश इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आपल्या दुकानातला साधा बोल्ट ८ मिलिमीटरचा. दिसायला जुळे भाऊ! पण ८ च्या साध्या बोल्टचे आटे सव्वा मिलिमीटरच्या अंतराने, आणि ब्रिटिश सायकल-आटे इंचाला २६, म्हणजे जेमतेम एका मिलिमीटरच्या अंतराने. नवा बोल्ट एक-दीड फेरा सुखाने जातो, मग अडतो. घाईचा मिस्त्री पान्याला पाइप लावतो आणि मूळ आटे कायमचे मरतात. मामा म्हणतात, “बोल्ट हाताने बसला पाहिजे, पाना फक्त शेवटचा निरोप देतो.”

मुख्य निकाल लावला तो लोहचुंबकाने, पॉलिश पेपरने आणि दोन कापलेल्या कानांनी. इंग्लंडातल्या स्पर्धेच्या बुलेटला वजन वाचविण्यासाठी हलक्या मिश्रधातूचे सिलिंडर असे; इथे चुंबक सिलिंडरला घट्ट चिकटला. बिडाचे. पण सिलिंडरही बदलता येते, म्हणून चासीकडे वळलो. पॉलिश पेपरने रंगाचे थर एकेक करून उतरविले. वर काळा, खाली सैन्याचा हिरवा, त्याखाली अस्तर. हिरवा रंग टाकीखाली आणि मानेच्या आतल्या बाजूसही होता, म्हणजे सैन्याची गोष्ट खरी. मात्र साध्या गाडीत जिथे बाजूची पेटी आणि इतर सामान अडकवायचे लोखंडी कान असतात, तिथे दोन कान कापून कानसीने घासलेले आढळले. कापलेल्या तोंडावर हिरव्याचा थेंबही नव्हता. तिथे लोखंडावर थेट काळा रंग बसला होता. कापणी हिरव्या रंगानंतरची! सैन्यात असताना ही गाडी चारचौघींसारखी साधी होती आणि ट्रायलचा साज तिला पुढे चढला, याहून दुसरा अर्थ मला लावता येत नाही. वर वळविलेला सायलेन्सरचा नळही साधा लोखंडी पाइप होता. वाळू भरून, तापवून वाकविलेला आणि वेल्डिंगने जोडलेला. हात मात्र कसलेला. वाकावर एक चुणी नाही.

हे सर्व गृहस्थांना सांगण्याचे काम मामांनी माझ्यावर टाकले. मी ठशाचा कागद, वर्नियर आणि चुंबक पुढे ठेवून सांगत गेलो. ते बराच वेळ चुंबकाशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे गाडी खोटी?”

“गाडी खरी आहे साहेब, गोष्ट खोटी होती,” मामा म्हणाले.

इंग्लंडची मागणी अर्थातच रद्द झाली. पुढे मात्र मामांत आणि माझ्यात मतभेद झाला, आणि तो अजून आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू केली. तीत गाडी मूळ रूपात असावी, चासीत वा इंजिनात फेरबदल नसावेत, अशी अट आहे. मामांचे म्हणणे, कापलेले कान पुन्हा जोडावेत, साधा सायलेन्सर लावावा, आणि १९६० च्या दशकातील मद्रासची बुलेट जशी निघाली तशी ती उभी करावी. योग्य भाग तेच. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहेत. माझे म्हणणे, विलायती गाडी मासिकाच्या चित्रातच पाहिलेल्या, पैसे नसलेल्या कोणा हौशी माणसाने तो पाइप इथेच कुठेतरी वाकविला असणार. तोही अस्सल कागदच आहे, बखर नव्हे. तो भंगारात घालू नये. गृहस्थांनी मामांचे ऐकले, पण पाइप मागून घेऊन घरी नेला.

गाडी सध्या उघडी आहे. चासीत कोणीतरी ठोकून बसविलेले ८ मिलिमीटरचे बोल्ट एकूण अकरा निघाले. त्या अकरा भोकांत लेथवर बुश करून, त्यांत इंचाला २६ प्रमाणे आटे पाडण्याचे काम चालू आहे. सात झाली, चार राहिली आहेत.