स्टेपनी नसलेली गाडी: स्पोर्ट्स कार पंक्चर होते तेव्हा

आपण मराठी माणसं जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणतो. हा शब्द वेल्समधून आला आहे. तिथल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर अडकवायचं एक आरे नसलेलं जादा चाक तयार केलं. भारतात हे नाव इतकं रुजलं की त्याचं मूळ कोणाच्या लक्षात राहिलं नाही. गंमत अशी, की आज त्याच यूकेत किंवा अमेरिकेत एखादी स्पोर्ट्स कार घेतली आणि डिकी उघडली, तर बहुधा स्टेपनी सापडतच नाही. सापडते ती एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. कधीकधी तेही नसतं.

स्टेपनी गेली कुठे?

पहिलं कारण वजन आणि जागा. दुसरं कारण चाकांचे आकार. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीचं उदाहरण घेऊ. तिचे पुढचे टायर २४५/३५ आणि १९ इंची रिमचे, तर मागचे ३०५/३० आणि २० इंची रिमचे. एकच जादा चाक दोन्हीकडे चालणार नाही. शिवाय ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर इतके मोठे असतात की त्यांच्यावर छोटं तात्पुरतं चाक बसतच नाही.

गाडी उचलते ती हवा

ड्रायव्हरसकट गाडीचं वजन १,६०० किलो धरू. प्रत्येक चाकावर सरासरी ४०० किलो येतात. टायरमध्ये ३० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल दाब असेल, तर एवढं वजन पेलायला जमिनीला टेकलेला भाग सुमारे १९० चौरस सेंटिमीटर लागतो. म्हणजे जेमतेम १४ सेंटिमीटर बाजूचा चौरस. दाब निम्मा झाला की तेच वजन पेलायला ढोबळमानाने दुप्पट भाग टेकावा लागतो, आणि त्यासाठी टायरची बाजूची भिंत वाकते.

साध्या सेडानच्या २०५/५५ टायरची भिंत ११३ मिलिमीटर उंच असते. कॉर्व्हेटच्या पुढच्या टायरची ८६. भिंत बुटकी असल्यामुळेच वळणावर गाडी घट्ट वाटते, पण त्यामुळेच हवा गेल्यावर रिम आणि रस्ता यांच्यात अंतर कमी उरतं.

शिवाय ताशी ८० किलोमीटर वेगाने हे चाक सेकंदाला जवळजवळ ११ वेळा फिरतं. म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला ११ वेळा दुमडतो आणि सरळ होतो. दुमडताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही, काही भाग उष्णतेत जातो. हवा कमी असताना ही उष्णता भराभर वाढते आणि भिंत आतून भुगा होऊ लागते. 'पुढच्या एक्झिटपर्यंत हळूहळू नेऊ' या विचाराने सहज दुरुस्त होणारा टायर कायमचा बाद होतो. रबराच्या आत झालेलं हे नुकसान बाहेरून दिसत नाही.

थंडी की पंक्चर?

अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे. दाब ठरल्यापेक्षा २५ टक्के घसरला की दिवा लागला पाहिजे, असा नियम आहे. पण थंडीनेही दाब उतरतो. तापमान २० अंशांवरून उणे १० वर गेलं, तर ३३ पीएसआयचे सुमारे २८ होतात. मुळात हवा थोडी कमी असेल, तर हिवाळ्यात सकाळी दिवा हमखास लागतो.

ओळखायची खूण सोपी आहे. चारही टायर सारखेच उतरले असतील तर थंडी, एकच उतरला असेल तर पंक्चर.

रस्त्यावर काय करायचं?

१. जोरात ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. पुढचा टायर गेला तर गाडी एका बाजूला ओढते. मागचा गेला तर मागची बाजू घसरू पाहते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा.

२. धोक्याचे दिवे लावा आणि रहदारीपासून जमेल तितकं दूर, सपाट जागी थांबा. मोटारवेवर असाल तर रहदारीच्या उलट बाजूच्या दाराने उतरून कठड्यापलीकडे उभे राहा आणि मदत बोलवा. तिथे स्वतः दुरुस्ती करू नये, असं यूकेचा हायवे कोड स्पष्ट सांगतो.

३. सुरक्षित जागी असाल तर भोक शोधा. खिळा दिसला तर उपटू नका. टायर ट्यूबलेस असल्यामुळे तोच खिळा बरीचशी हवा अडवून धरतो.

४. भोक रस्त्याला टेकणाऱ्या भागात आहे की बाजूच्या भिंतीत, हे पाहा. पुढचा निर्णय यावरच ठरतो.

बाटलीतलं औषध

बाटलीत बहुधा रबराचा चीक, गोठू नये म्हणून ग्लायकॉल आणि बारीक तंतू किंवा कण असतात. हवेच्या दाबाने हे मिश्रण भोकाकडे ढकललं जातं, कण तिथे अडकतात आणि चीक साकळून बूच तयार होतं. जखमेवर रक्त साकळतं, तसंच.

साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला हे चालतं. बाजूची भिंत सतत दुमडत असल्याने तिथे बूच टिकत नाही. औषध भरून हवा भरली की लगेच काही किलोमीटर गाडी चालवायची, म्हणजे ते आत सगळीकडे पसरतं. मग थांबून दाब पुन्हा तपासायचा. तो खूपच उतरला असेल तर तिथेच थांबायचं. वेग ताशी ८० च्या आत ठेवायचा. टायरच्या दुकानात आत औषध आहे हे आवर्जून सांगायचं. बाटलीला मुदत असते, तीही अधूनमधून तपासायची.

रन-फ्लॅट टायर

यांच्या भिंती जाड आणि ताठ असतात, त्यामुळे हवा नसतानाही त्या गाडी पेलतात. बहुतेक रन-फ्लॅटवर ताशी ८० किलोमीटरने ८० किलोमीटर जाता येतं. उष्णता इथेही साठत जातेच, म्हणून ही मर्यादा.

चाक काढायचंच असेल तर

खालची बाजू जमिनीलगत असल्याने साधा जॅक आत शिरत नाही. शिरला तरी नेमून दिलेल्या जागीच लावायचा, नाहीतर तळाचा पत्रा किंवा प्लास्टिक फुटतं. काही गाड्यांत पाच बोल्टऐवजी मधोमध एकच मोठा नट असतो. पोर्शे ९११ जीटी३ मध्ये तो सुमारे ६०० न्यूटन-मीटरने आवळतात, म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ६० किलोचा माणूस लोंबकळल्याइतका जोर! हे रस्त्याच्या कडेचं काम नव्हे. अशा वेळी सपाट फ्लॅटबेड ट्रकच बोलवा आणि गाडी बुटकी आहे हे फोनवरच सांगा.

पट्टी मारून चालेल का?

आपल्याकडचा पंक्चरवाला बाहेरून रबरी पट्टी खुपसतो आणि गाडी वर्षानुवर्षं चालते. मग इथले दुकानदार का कुरकुरतात? ताशी २५० किलोमीटर वेगाला या टायरच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,५०० पट त्वरण असतं. २ ग्रॅमची पट्टीही ३ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर पडू पाहते. म्हणून टायर रिमवरून उतरवून, आतली भिंत तपासून, आतून बूच आणि पॅच एकत्र लावणं हीच खरी दुरुस्ती. वेगवान टायरला काही कंपन्या तेही मान्य करत नाहीत.

या आठवड्यात पाच मिनिटं काढून डिकी उघडा. तुमच्या गाडीत बाटली आहे, रन-फ्लॅट आहेत की काहीच नाही, हे पाहून ठेवा. चोर-नटाची चावी कुठे आहे, तेही. काहीच नसेल तर रस्त्यावर मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आजच फोनमध्ये साठवा.